एकशे अठ्ठावीस जीबी आणि यवतमाळचा मे महिना

लग्नसराईत यवतमाळच्या एखाद्या व्हिडिओ स्टुडिओत डोकावून पाहा. हळदीपासून बिदाईपर्यंत तीन-चार कॅमेऱ्यांचं फोर-के चित्रण, वरून ड्रोनचे शॉट, आणि नवरीकडच्यांना आठवड्याच्या आत ट्रेलर हवा. अशा कामाला ३२ जीबी रॅम पुरेनाशी झाली आहे. दत्त चौकाच्या आसपास ६४ किंवा १२८ जीबीचा पीसी जुळवून मागणारं गिऱ्हाईक आता नवलाचं राहिलेलं नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांना भाषा मॉडेल घरच्या मशीनवर चालवून पाहायचं असतं. ड्रोन सर्व्हे करणाऱ्यांना हजारो फोटो जोडून एक नकाशा बनवायचा असतो. एवढी रॅम बसवली की पुढचा प्रश्न ठरलेला: ही अजून पळवता येईल का?

पळवता येते, त्यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मात्र विदर्भात त्याची एक खास तऱ्हा दिसते. डिसेंबरात जमवलेलं सेटिंग मार्चपर्यंत बिनबोभाट चालतं. एप्रिल संपता संपता रेंडर मधेच थांबायला लागतं, कॉपी केलेली झिप फाइल उघडत नाही, ब्लू स्क्रीन येतो आणि दर वेळी वेगळंच कारण दाखवतो. दोष आधी विंडोजवर जातो, मग व्हायरसवर, शेवटी लाइटवर. रॅमचं नाव निघत नाही, कारण ती तर चार महिने नीट चालली होती. हे का होतं ते कळायचं तर रॅमच्या पोटात काय चालतं तिथून सुरुवात करावी लागते.

आज आपण वापरतो त्या रॅमची कल्पना आयबीएमचे अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांची. १९६८ साली त्यांना पेटंट मिळालं. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, एवढ्यावर एक बिट साठतो. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. रचना इतकी साधी आहे म्हणूनच ती कोट्यवधींच्या संख्येने स्वस्तात बनते. तिची खोड एकच, हा भार टिकत नाही. माठातून पाणी पाझरावं तसा तो सतत पाझरत राहतो, आणि ऊन वाढलं की जास्त. तापमान दर १० अंशांनी वाढलं की भार धरून ठेवण्याची मुदत ढोबळमानाने निम्मी होते.

म्हणून रॅम दर थोड्या वेळाने स्वतःचंच लिहिलेलं वाचते आणि पुन्हा लिहून ठेवते. याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर५ च्या मानकाप्रमाणे प्रत्येक ओळ ३२ मिलिसेकंदांत एकदा तरी ताजी व्हायलाच हवी. हे काम ८,१९२ हप्त्यांत वाटलेलं असतं, म्हणजे दर ३.९ मायक्रोसेकंदाला एक रिफ्रेश. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर हा वेग दुप्पट करावा असंही मानकच सांगतं.

रिफ्रेश चालू असताना त्या भागातून वाचता-लिहिता येत नाही, आणि इथे मोठ्या रॅमची पहिली अडचण सुरू होते. १६ गिगाबिटच्या चिपला एका पूर्ण रिफ्रेशसाठी २९५ नॅनोसेकंद लागतात, २४ आणि ३२ गिगाबिटच्या चिपला ४१०. दर ३,९०० नॅनोसेकंदांतून ४१० वजा केले तर साडेदहा टक्के वेळ नुसता राखणीत जातो. चिप जितकी मोठी तितकी ही राखण महाग.

मग ओव्हरक्लॉक करणाऱ्यांचं लक्ष नेमकं इथे जातं. बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, टीआरईएफआय नावाचा आकडा असतो. दोन रिफ्रेशमध्ये रॅमच्या क्लॉकचे किती ठोके जाऊ द्यायचे ते तो ठरवतो. डीडीआर५-६००० वर मानकाप्रमाणे हा आकडा ११,७०० च्या आसपास पडतो. बरेच जण तो बोर्ड परवानगी देईल तितका, म्हणजे ६५,५३५ पर्यंत नेतात. राखणीचा वेळ साडेदहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या आत येतो आणि बेंचमार्कचे आकडे खुलतात. फुकटात मिळालेला वेग वाटतो. पण आता प्रत्येक ओळ ३२ ऐवजी सुमारे १७९ मिलिसेकंदांनी ताजी होते आहे. साडेपाच पट मुदतवाढ! खोलीत १८ अंश असताना बहुतेक चिपा ही मुदत काढतात. मेमध्ये काढतीलच असं नाही.

यातली खरी गोम अशी की, मानकाप्रमाणे चालणारी रॅम यवतमाळच्या उन्हाळ्याला मुळीच भीत नाही. ३२ मिलिसेकंदांचा नियम चिप ८५ अंशांपर्यंत तापेल हे धरूनच केलेला आहे. कारखान्याने उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेली ही शिल्लक ओव्हरक्लॉक करणारा डिसेंबरातच खर्चून टाकतो. गूगलच्या हजारो सर्व्हरमधल्या रॅमचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त मॉड्यूलमध्ये निदान एक तरी चूक आढळली होती, पण तापमानाचा परिणाम मात्र संशोधकांना अपेक्षेपेक्षा फार कमी दिसला. आपल्या अनुभवाशी हे उलट वाटतं, पण नाही. ते सर्व्हर ओव्हरक्लॉक केलेले नव्हते. त्यांची शिल्लक शाबूत होती.

वेगाच्या आकड्यांकडे येऊ. डीडीआर५-६००० यातला ६००० म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष वेळा माहितीची देवाणघेवाण होते तो आकडा. एका चॅनलवर एका वेळी ८ बाइट जातात, घरगुती बोर्डावर चॅनल दोन, म्हणून कागदावरचा कमाल वेग सेकंदाला ९६ जीबी. दुकानदार याच्याशेजारी सीएल ३० किंवा सीएल ३६ असंही सांगतो. मागणी केल्यापासून पहिला बिट हाती येईपर्यंत किती ठोके लागतात ते हा आकडा सांगतो, आणि तो एकटा पाहण्यात काही अर्थ नाही. त्याला दोन हजारांनी गुणून वेगाने भागा. ६००० ला सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद. जुन्या डीडीआर४-३२०० ला सीएल १६ म्हणजेही १० नॅनोसेकंदच. दोन पिढ्यांत वेग वाढला, उशीर तेवढाच राहिला.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खोक्यावर ६००० छापलेलं असलं तरी ती रॅम नुसती लावल्यावर ६००० वर धावत नाही. ती उठते ४८०० किंवा ५६०० वर, १.१ व्होल्टवर. खोक्यावरचा वेग मिळवायला बायोसमध्ये इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी किंवा एएमडीच्या बोर्डावर एक्सपो हे प्रोफाइल चालू करावं लागतं, आणि मग व्होल्टेज १.३५ ते १.४ पर्यंत जातं. म्हणजे प्रोफाइल चालू करणं हेच ओव्हरक्लॉकिंग. रॅमच्या कंपनीने तो आकडा त्या एका किटपुरता, स्वतःच्या टेबलावर तपासलेला असतो. तुमच्या प्रोसेसरच्या आत बसलेला मेमरी कंट्रोलर त्या टेबलावर नव्हता.

तो कंट्रोलरच पुढची अडचण. बोर्डावर रॅमचे स्लॉट चार दिसतात, पण ते दोनच चॅनलना जोडलेले असतात, एका चॅनलवर दोन. एका तारेवर दोन स्टिक बसल्या की सिग्नल दुसऱ्या स्टिककडून परततो, मूळ सिग्नलमध्ये मिसळतो आणि शून्य-एकातला फरक धूसर होतो. त्यात मोठी स्टिक बहुधा दुहेरी रँकची, म्हणजे एका स्टिकवर चिपांचे दोन संच. चार स्टिक लावल्या की कंट्रोलरला आठ संच सांभाळावे लागतात. प्रोसेसर कंपन्या हे लपवत नाहीत, आपणच वाचत नाही. एएमडीच्या रायझन ९००० मालिकेत दोन स्टिकसाठी अधिकृत वेग ५६०० आहे, चार स्टिक लावल्यास ३६००. रायझन ७००० मध्ये ५२०० आणि ३६००. चार वेळा ३२ जीबी लावून एक्सपो चालू केलं आणि पडदा काळाच राहिला, तर रॅम खराब निघाली असं समजून दुकानात भांडायला जाण्याआधी हे दोन आकडे आठवावेत.

म्हणून १२८ जीबी हवी असेल तर माझं मत स्पष्ट आहे. ६४ जीबीच्या दोनच स्टिक घ्याव्यात, एकाच खोक्यातल्या. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात, कारण बहुतेक बोर्डांवर तार तिथे संपते. रिकाम्या लोंबत्या टोकाकडून सिग्नल परतण्याचा त्रास त्यामुळे टळतो. आज दोन स्टिक घेऊ, पुढच्या हंगामात आणखी दोन टाकू, हा हिशेब डीडीआर३ च्या काळात चालत असे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या प्रकारे चढले ते पाहता तो मोह समजण्यासारखा आहे. पण एकाच नावाची दोन किटं आतून वेगळ्या चिपांची निघू शकतात, आणि मग चौघींना एका तालात चालवण्यात जो वेळ जातो त्याची किंमत बिलात दिसत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिलं पाऊल कंटाळवाणं आहे: बायोस नवीन करा. मेमरी चालवण्याचं बरंचसं शहाणपण त्या फाइलमध्ये असतं आणि मोठ्या स्टिकसाठी ते वारंवार सुधारलं जातं. अपडेट यूपीएसवरच करा. मधेच लाइन गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो. मग प्रोफाइल न लावता, साध्या वेगावर, एक रात्र रॅम तपासून घ्या. इथेच चूक सापडली तर स्टिकच सदोष आहे, ती वॉरंटीत बदलून घ्यावी. ही पायरी गाळली तर पुढे चूक माल खराब असल्याची की सेटिंगची हे कधीच कळत नाही.

त्यानंतर प्रोफाइल चालू करा आणि थांबा. पडदा काळा, फॅन फिरताहेत, बोर्डावर पिवळा दिवा, असं काही मिनिटं राहील. मोठ्या क्षमतेला कधी दहा-पंधरा मिनिटंही. या वेळात बोर्ड प्रत्येक तारेवर सिग्नल कधी वाचायचा याच्या वेळा जुळवत असतो. याला ट्रेनिंग म्हणतात. कितीतरी पीसी या क्षणी बटण दाबून बंद केले जातात आणि ‘रॅम सपोर्ट करत नाही’ असा निकाल लागतो. खरोखरच जमलं नाही तर बहुतेक बोर्ड काही प्रयत्नांनंतर आपोआप साध्या वेगावर परततात. नाही परतले तर वायर काढून बोर्डावरचा गोल सेल थोडा वेळ बाहेर ठेवायचा.

प्रोफाइल लागलं पण डळमळीत वाटलं तर व्होल्टेज वाढवण्याआधी वेग एक पायरी खाली आणावा. ६००० वरून ५६०० वर आल्याने जे गमवावं लागतं ते रोजच्या कामात जाणवणार नाही. व्होल्टेजशी खेळायचंच असेल तर मर्यादा ठाऊक हवी. २०२३ मध्ये रायझन ७००० चे काही प्रोसेसर जळाल्याच्या घटनांनंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजवर, म्हणजे मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाच्या व्होल्टेजवर, १.३ ची मर्यादा घातली. तिच्या जवळ जाण्याचंही बहुधा कारण पडत नाही. बोर्डाचं ‘ऑटो’ मात्र डोळे झाकून मान्य करू नये. प्रोफाइल लावल्यावर ऑटोने काय निवडलं ते एकदा वाचावं. आणि एका वेळी एकच आकडा बदलावा. सहा आकडे एकदम बदलणाऱ्याला सहापैकी कोणता नडला ते कळत नाही, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

तपासणीला लोक सर्वात कमी वेळ देतात आणि मोठ्या रॅमला तीच सर्वात जास्त लागते. १२८ जीबीत सुमारे १ लाख १० हजार कोटी बिट असतात. त्यातला एक बिट दिवसातून एकदा चुकला तरी तुमची फाइल बिघडू शकते, आणि मशीन बंद पडेलच असंही नाही. बंद पडलं तर बरं म्हणायचं. न बंद पडता चुकीचं लिहून ठेवणं जास्त वाईट. १६ जीबीला तासाभरात एक फेरी मारणाऱ्या चाचणीला इथे आठपट वेळ लागणार हे धरून चालावं.

सुरुवात पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या मेमटेस्ट८६+ ने करावी. ते फुकट आहे आणि विंडोज सुरू न करता चालतं, त्यामुळे चूक सापडलीच तर विंडोजच्या फाइली वाचतात. ते पार पडलं की विंडोजमध्ये टेस्टमेम५, आणि मग प्रोसेसर व रॅम दोन्हीला घाम फोडणारं वाय-क्रंचर किंवा प्राइम९५. निकाल एकच मान्य करायचा: शून्य चुका. ‘रात्रभरात एकच एरर आली’ म्हणजे नापास.

यवतमाळात मात्र याच्यावर आणखी एक अट घालावी लागते. चाचणी गार खोलीत घेऊन उपयोग नाही. डीडीआर५ च्या स्टिकवर तापमान मोजणारा सेन्सर बसवलेलाच असतो. एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम तो आकडा दाखवतो. हिवाळ्यात खोली २२ अंशांवर आणि चाचणीत स्टिक ४५ वर असेल, तर फरक २३ चा. हा फरक साधारण कायम राहतो. मे महिन्यात दुपारी कूलर बंद आणि खोली ३८ वर असेल तर तीच स्टिक ६१ वर जाणार. ताणलेल्या टीआरईएफआयवर कितीतरी किटं याच पट्ट्यात चुका करायला लागतात. वर ग्राफिक्स कार्ड रेंडर करत असेल तर त्याची गरम हवा थेट रॅमवर येते, तेव्हा चाचणीच्या वेळी ग्राफिक्स कार्डावरही ताण ठेवावा. उन्हाळ्याची वाट पाहायची नसेल तर कॅबिनेटचा समोरचा फॅन मंद करून स्टिक मुद्दाम साठीपर्यंत तापू द्यावी आणि तिथे तपासावी. तिथे टिकली नाही तर टीआरईएफआय निम्म्यावर आणावा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं आणि बेंचमार्कमध्ये पडणारा फरक दाखवून द्यावा लागतो.

कॅबिनेटकडेही पाहिलं पाहिजे. चार स्टिक एकमेकींना खेटून बसल्या की मधल्या दोघींना वारा मिळत नाही. डीडीआर५ मध्ये व्होल्टेज नेमकं करणारी चिपही स्टिकवरच आली, म्हणजे उष्णतेचा एक उगम आणखी वाढला. रॅमवर सरळ वारा टाकणारा एक १२० मिलिमीटरचा फॅन महागड्या हीट-स्प्रेडरपेक्षा जास्त काम करतो. आपल्याकडे त्यात भर कापसाची. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की वणी, पांढरकवडा, यवतमाळच्या हवेत रुईचे बारीक तंतू तरंगतात आणि फॅनच्या जाळीवर पांढरट नमद्यासारखा थर धरतात. जाळी बाहेरून स्वच्छ दिसते; काढून उजेडात धरली की पलीकडचं दिसत नाही. कूलर असेल तर त्याची ओली हवा थेट कॅबिनेटवर येणार नाही असं पाहावं. ओलसर धूळ कनेक्शनवर बसली की वाळल्यावर ती फुंकरीने निघत नाही.

हे सगळं करून मिळतं काय, हा प्रश्न आधीच विचारायला हवा होता असं कोणी म्हणेल. उत्तर कामावर अवलंबून आहे. लग्नाच्या व्हिडिओला फारसं काहीच मिळत नाही. तिथे रॅम किती आहे याला महत्त्व, किती पळते याला नाही. स्टुडिओवाल्याने प्रोफाइल न लावता काम केलं तरी रेंडरच्या वेळेत पडणारा फरक चहाच्या एका कपात मावेल. भाषा मॉडेलचं तसं नाही. ते प्रोसेसरवर चालवताना प्रत्येक शब्दतुकड्यासाठी सगळं मॉडेल रॅममधून एकदा वाचावं लागतं. मॉडेल ४० जीबीचं असेल तर ९६ जीबी वेगाला सेकंदाला फार तर २.४ तुकडे मिळतील. चार स्टिकमुळे ३६०० वर अडकलेल्या मशीनला, म्हणजे ५७.६ जीबीला, दीडही नाही. हा फरक डोळ्यांना दिसतो. इथे दोन मोठ्या स्टिक आणि नेटका ओव्हरक्लॉक यांना खरा अर्थ आहे, आणि तोही वेगाचा आकडा वाढवण्यात. सीएलसारखं टायमिंग पिळण्यात फारसा नाही.

ज्यांच्या कामात चुकीला जागाच नाही, म्हणजे जमीनमोजणीचे नकाशे, हिशेबाचा सर्व्हर, शाळेचा निकाल, त्यांनी या वाटेला जाऊच नये. आपल्याच वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात वाढलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० बनवला, आणि सुपरकॉम्प्युटरची ती परंपरा आजही चालू आहे. एवढा वेग लागणारी ही यंत्रं रॅम मात्र ठरल्या वेगावर आणि ईसीसी प्रकारची वापरतात, म्हणजे एक बिट चुकला तर जागच्या जागी दुरुस्त करणारी आणि दोन चुकले तर ओरडणारी. डीडीआर५ च्या जाहिरातीत ‘ईसीसी आहेच’ असं म्हटलेलं असतं ते वेगळं. ते फक्त चिपच्या आतल्या चुका झाकतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या तारेवर, जिथे ओव्हरक्लॉकिंगचा ताण पडतो, तिथे त्याचं संरक्षण नाही. खरी ईसीसी स्टिक घेताना बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही ती चालवतात का हे बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये पाहावं. नुसती स्टिक बसते म्हणून दुरुस्ती चालू आहे असं होत नाही.